हरकती नऊ, संमती एक

१

वाचनालयाच्या दारावर कुणीतरी कोळशानं लिहून ठेवलं होतं: ‘विकलीस!’ धाकटी ओलं फडकं घेऊन ते पुसत होती, आणि जितकं पुसावं तितकं ते दारभर पसरत होतं.

“राहू दे,” थोरली म्हणाली. “आता नुसतं काळं दिसतंय. वाचता येत नाही, एवढं पुरे.”

“लिहिणाऱ्यांना पाठ आहे ना ताई.”

थोरली विमा कंपनीत तपासनीस. जळालेली गोदामं, बुडालेले ट्रक, मेल्यावर दुसऱ्या गावात भाजी घेताना सापडलेले लोक. समोरच्यावर विश्वास न ठेवण्याचा ती पगार घेत होती. धाकटीचा फोन आल्या आल्या तिनं रजा टाकली आणि पहिली मिळेल ती गाडी पकडली. आल्यापासून खुर्चीत टेकली नव्हती. दारापासून मागच्या खोलीपर्यंत येरझाऱ्या घालत होती.

ती मागची खोली हाच सगळा घोळ. आठ कॉम्प्युटर, फुकट इंटरनेट, आणि ते सांभाळायला धाकटी. वस्तीतले लोक इथे दवाखान्याचा नंबर लावत, पोरांचे निकाल बघत, पेन्शन का अडली ते विचारत. महापालिकेनं ठरवलं, खोली बंद करायची, जागा कुठल्याशा कंपनीला द्यायची. कारण काय, तर ‘आता प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट आहे’. कुणाची हरकत असेल तर ती नोंदवायची, पण फक्त इंटरनेटवरून. म्हणजे ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्यानं, आपल्याकडे इंटरनेट नाही, हे इंटरनेटवरून कळवायचं. हा विनोद सुचणाऱ्याला दर महिन्याला पगार मिळतो, हे विसरू नका.

शंभर हरकती आल्या तर जाहीर सुनावणी. कमी आल्या तर सोमवारी कुलूप. वस्ती इरेला पेटली. आठवडाभर दारापासून रस्त्यापर्यंत रांग होती. तीनशेच्या वर लोकांनी हरकत नोंदवली. ‘आपले मत नोंदवले गेले आहे’ हे प्रत्येकानं पडद्यावर डोळ्यांनी पाहिलं. काल मुदत संपली. आज सकाळी निकाल लागला.

हरकती नऊ. संमती एक.

“तीनशे माणसं गेली कुठे?” थोरली म्हणाली. “तीनशे बटाटे नाहीसे झाले तरी मागे वास राहतो.”

धाकटी फडकं पिळत राहिली.

“अजून काहीतरी आहे. तोंडावर दिसतंय तुझ्या. बोल.”

“संमती देणाऱ्याचं नाव लावलंय तिथं,” धाकटी म्हणाली. “माझं आहे.”

२

थोरलीनं तिला पहिल्यांदा तोच प्रश्न विचारला, जो तिनं आयुष्यभर परक्यांना विचारला होता.

“दिलीस का संमती?”

“ताई!”

“हो की नाही, एवढंच.”

“पहिल्या दिवशी पहिली हरकत माझी होती. सगळ्यांसमोर.”

“बरं.” तिचा विश्वास बसला की नाही, ते तिला स्वतःलाही कळलं नाही. बहिणीच्या बाबतीत तिला सराव नव्हता.

दुपारपर्यंत खोलीत दहा-पंधरा माणसं जमली. पुढे गुरुजी. रिटायर्ड मास्तर, बचाव समितीचे अध्यक्ष. गेला आठवडाभर ते रांगेपुढे भाषणं ठोकत होते. आता त्यांचा आवाज शाळेच्या घंटेसारखा वाजत होता.

“सांगायला लाज वाटते,” गुरुजी म्हणाले, “पण या बाईच्या हातात आम्ही मान दिली. तिनं सगळ्यांच्या हरकती पुसल्या आणि आपली संमती ठेवली.”

“पुसायच्या तर नऊ कशाला ठेवल्या?” थोरलीनं विचारलं.

“काय?”

“चोर घर धुऊन नेतो तेव्हा नऊ भांडी मांडून जात नाही. तुमची हरकत आहे का तिथं?”

गुरुजींनी छाती काढली. “अर्थात आहे.”

“म्हणजे तुमची ठेवली. तुमचे आणि तिचे फार गोडीचे संबंध दिसतात.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजी लाल झाले.

थोरलीनं एकेकाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. नाव टाका, हरकत आहे का बघा. गवंडी: नोंद सापडली नाही. त्याची म्हातारी: सापडली नाही. दवाखान्यातली आया: नाही. न्हावी: सापडली. न्हाव्याची बायको: नाही.

थोरली थांबली. “तुम्ही दोघं एकत्र आला होतात?”

“एकत्रच,” न्हावी म्हणाला. “हिला एकटीला कुठं जमतंय.”

“हो, आणि तुम्हाला फार जमतं,” बायको म्हणाली. “चष्मा घरी विसरला होता यांनी. दोघांचंही मीच वाचलं.”

“कॉम्प्युटर एकच?”

“हाच. आधी यांचं, मग माझं.”

एकच मशीन, एकच दिवस, एकाच बाईनं वाचलेलं. नवऱ्याचं राहिलं, बायकोचं गेलं. थोरली टेबलावर बोटं वाजवायला लागली.

“दोघांच्या हरकतीत फरक काय होता?”

“फरक कसला? तेच शब्द. गुरुजींनीच तर सांगितले होते.”

“नीट आठवा. काहीही.”

न्हाव्यानं डोकं खाजवलं. “फरक म्हणजे... तो ओटीपी येतो ना, आकडा, तो माझा माझ्या फोनवर आला. हिच्याकडे कुठाय फोन? हिचा आला तिथं.”

त्यानं काउंटरकडे बोट केलं. तिथं धाकटीचा फोन होता. फोनच्या कव्हराला भोक पाडून त्यातून सुतळी ओवलेली, आणि सुतळीचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला बांधलेलं.

३

“हे काय आहे?” थोरली सुतळी ओढून म्हणाली. “गाय आहे का ही?”

“लोक चुकून खिशात घालून नेतात गं,” धाकटी म्हणाली. “अर्ध्या वस्तीकडे फोन नाही. असला तर एकच, तो पोरगा कामावर घेऊन जातो. आणि हल्ली काहीही करायला गेलं की नंबर मागतात. मग मी म्हणते, माझा टाका. आकडा येतो, ज्याचा त्यानं वाचायचा. मी उघडूनही बघत नाही. दिवस संपला की सगळे मेसेज पुसून टाकते. दुसऱ्याची गोष्ट आपल्याकडे कशाला?”

“म्हणजे पुरावाही पुसलास.”

“मी काय चोरीसाठी पुसते?”

“मला कळलं. त्यांना कसं कळणार?”

थोरली तिथून थेट वॉर्ड ऑफिसात गेली. चालत नाही, जवळजवळ पळत. तिथं काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरचे साहेब बसत. गोरेगोमटे, इस्त्रीचे, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की जगात बिघाड हा प्रकारच नाही.

“सिस्टिम व्यवस्थित आहे, मॅडम.”

“तीनशे माणसं गिळून?”

“सिस्टिम काही गिळत नाही. एक नंबर, एक मत. कुणी मत बदललं तर शेवटचं ग्राह्य. आणि बदलण्याआधी आम्ही विचारतो ना. ‘या क्रमांकावरील आधीचे मत बदलायचे आहे का?’ होय किंवा नाही.”

 थोरलीच्या डोळ्यांपुढे ती रांग उभी राहिली. माणूस बसतो, नाव टाकतो, हरकत लिहितो, पडदा काहीतरी विचारतो. पडदे नेहमीच काहीतरी विचारतात. मागून कुणीतरी ओरडतं, अरे आटप. माणूस ‘होय’ दाबतो. आणि त्याच्या आधी उठून गेलेल्या माणसाचं मत नाहीसं होतं. मग पुढचा बसतो आणि त्याचं नाहीसं करतो. आठवडाभर वस्तीनं रांगेत उभं राहून, घाम गाळून, एकमेकांना पुसलं होतं.

“आणि ज्याच्याकडे नंबर नाही तो?” तिनं विचारलं.

“नंबर सगळ्यांकडे असतो, मॅडम.”

“साहेब, नंबर नसलेली तीनशे माणसं तुमच्या खिडकीखाली राहतात. पडदा बाजूला करा, दिसतील.”

साहेबांनी पडदा बाजूला केला नाही.

“नंबराचा गैरवापर झाला असेल तर?” थोरलीनं आवाज खाली आणला. विमावाल्यांना माहीत असतं, प्रत्येक नियमाला मागचं दार असतं. “एखाद्यानं दुसऱ्याच्या नंबरावरून, तिला न विचारता, तिच्या नावानं मत दिलं असेल तर?”

साहेबांनी नाइलाजानं कॉम्प्युटरवर दोन-तीन पानं वरखाली केली. “मग नंबराच्या मालकानं पोलिसात तक्रार द्यायची. कुणी केलं त्या माणसाचं नाव हवं. तक्रार लागली की त्या नंबरावरचं सगळं रद्द, आणि त्या नंबरावरून ज्यांनी मत दिलं त्यांना इथं येऊन तोंडी हरकत देता येते. पण निकालाच्या दिवशीच. म्हणजे आज, ऑफिस बंद व्हायच्या आत.”

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत थोरली उठली. तीनशे लोकांना वाचवायला तिला आता एका माणसाचं नाव हवं होतं.

४

वस्तीत नाव तयारच होतं: केबलवाला. घरोघर इंटरनेटचं कनेक्शन विकायचा. खोली बंद पडली तर फायदा त्याचाच. शिवाय काल संध्याकाळी तो खोलीतच होता, वायर बदलायला.

“घ्या, माझं नाव घ्या,” तो शिडीवरून म्हणाला. “विजेच्या खांबावर उभा आहे, ढकलूनही द्या.”

“संमती दिलीस?”

“ताई, माझ्याकडे माझे स्वतःचे दोन नंबर आहेत. मला द्यायची असती तर माझ्याच नावानं दोन दिल्या असत्या, लाजतो की काय! आहे एकच. म्हणजे मी दिली नाही. खरं सांगू? कंटाळा केला. वाटलं, तुमचे तीनशे येणार, माझ्या दोनानं काय होतंय.”

त्याचं म्हणणं तिला उद्धट वाटलं आणि पटलंही. विरोध करायची ज्याला लाज नाही त्याला दुसऱ्याच्या नावामागे लपायची गरज नसते. लपतो तो, ज्याला या लोकांत राहायचं आहे.

“काल खोलीतून शेवटी कोण निघालं?”

“तुमची बहीण. त्याच्या आधी मी. आणि आमच्या दोघांच्या मधे ती इस्त्रीवाली घुसली, दार लोटता लोटता. तिची हरकत राहिली होती.”

इस्त्रीवाली कोपऱ्यावरच सापडली. हात थांबवायला तयार नव्हती, वाफेतूनच बोलली.

“दिली की हरकत! बाईंच्याच फोनवर आकडा आला. बाईंनी सुतळी सोडलेली, फोन पिशवीत घातलेला, तो पुन्हा काढला माझ्यासाठी. माझ्यानंतर कुणी नाही. बाई आणि मी बरोबरच निघालो.”

थोरलीनं डोळे मिटले. शेवटचं ग्राह्य. संमती खोलीत बसून कुणी दिली असती तर इस्त्रीवालीच्या हरकतीनं ती पुसली असती, आणि आज हरकती दहा दिसल्या असत्या, संमती शून्य. म्हणजे संमती इस्त्रीवालीच्या नंतरची. मुदत संपण्यापूर्वीची, पण खोली बंद झाल्यानंतरची. फोन तेव्हा पिशवीत होता. आणि पिशवी घरी गेली होती.

“फार त्या फोनचा छळ होतो बघा,” इस्त्रीवाली बोलतच होती. “मागच्या महिन्यात एकदा सारखा वाजत होता, सारखा. बाई आत कुणाचं तरी पेन्शनचं बघत होत्या. रांगेतले लोक कापत होते नुसते. काय करणार? फोन वाजत असला की आकडा दिसत नाही ना.”

“कुणाचा होता फोन?”

“ते कोण बघतंय? आम्ही आकडा बघतो.”

मागच्या महिन्यात. थोरलीला धाकटीचा त्या वेळचा फोन आठवला: सासूबाई मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शेजाऱ्यांनी हलवलं दवाखान्यात. मी वेळेवर पोचले नाही गं ताई. एवढंच बोलून तिनं ठेवून दिला होता.

इस्त्रीवालीच्या टेबलाशी थोरली पहिल्यांदा निश्चल उभी राहिली. तिला नाव मिळालं होतं, आणि ते तिला नको होतं.

५

धाकटीचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत सासूबाई पाय उंच करून पडलेल्या. बाहेर धाकटीचा नवरा बुटाची नाडी बांधत होता. शाळेची बस चालवायचा. दुपारची फेरी व्हायची होती.

“थांब जरा.”

“उशीर होतोय ताई.”

“काल तिचा फोन हातात घेतलास तेव्हा घाई नव्हती.”

त्यानं नाडी सोडली. वर बघितलं नाही. दारात धाकटी येऊन उभी राहिली होती. थोरलीच्या मागोमाग ती धावतच आली होती.

“तुझ्या आईसाठी किती वेळा फोन लावलास तेव्हा?” थोरलीनं विचारलं.



“मोजले नाहीत,” तो म्हणाला. “बस रस्त्यात उभी केली, आत पोरं, आणि मी लावतोय. शेजारणीनं मला कळवलं होतं, तुमची आई पडलीय, दार लॅचनं लागलंय, किल्ली वहिनींकडे आहे. मी लावतोय आणि कुणीतरी कापतंय. लावतोय, कापतंय. मला वाटलं ही कापतेय. नंतर कळलं, रांगेतले लोक. त्यांचा आकडा यायचा होता.” तो हसला, पण ते हसणं नव्हतं. “माझ्या बायकोचा नंबर सगळ्या गावाचा. फक्त माझा नाही.”

“तू मला बोलला नाहीस,” धाकटी म्हणाली.

“बोललो. तू म्हणालीस, त्या बिचाऱ्यांना काय माहीत.”

“खरंच नव्हतं माहीत!”

“तेच! तुझ्यासाठी सगळे बिचारे. मी सोडून.”

थोरली मधे पडली. “काल काय केलंस ते सांग.”

“ही आत आईला जेवण भरवत होती. फोन बाहेर होता. मला काही तुमची खोली बंद पाडायची नव्हती. तीनशे लोक आहेत, ती काय बंद पडतेय? मला फक्त...” तो अडला. “एकदा तरी, कुठंतरी, हिच्या नावापुढं लिहिलेलं बघायचं होतं, की मला ती खोली नको. हिनं कधी म्हटलं नसतं. मग मी म्हटलं. फोननं विचारलं, आधीचं मत बदलायचं का. मला वाटलं, हिचं मत. मी होय दाबलं.”

“ते तिचं नव्हतं,” थोरली म्हणाली. “ते इस्त्रीवालीचं होतं.”

मग तिनं दोघांना सगळं सांगितलं. कुणी कुणाला कसं पुसलं ते. धाकटी भिंतीला टेकून खाली बसली.

“म्हणजे मीच,” ती म्हणाली. “मीच म्हणत होते, माझा टाका, माझा टाका.”

“तू नाही, मी,” नवरा म्हणाला.

“दोघंही गप्प बसा,” थोरली कडाडली. “तुम्ही दोघं वाटून घ्या, आणि ज्यानं माणसाऐवजी नंबर मोजायचं ठरवलं तो केबिनमध्ये थंड हवा खातोय! त्याला कुणी विचारत नाही. विचारायची वेळही नाही आता. एकच रस्ता आहे आणि तो घाण आहे.”

तिनं तो सांगितला. तक्रार. नवऱ्याच्या नावानं. आज.

“पोलिसात नाव लागलं तर शाळा मला बसवर ठेवणार नाही,” तो हळूच म्हणाला.

“नाही ठेवणार.”

“मग नको,” धाकटी म्हणाली. “जाऊ दे खोली. मी विकली म्हणतात ना, म्हणू देत.”

आतून सासूबाईंचा आवाज आला. इतका वेळ त्या ऐकत होत्या, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. “माझ्या दवाखान्याची तारीख कुठनं लागते गं? त्याच खोलीतनं ना?”

धाकटीनं आतल्या दाराकडे बघितलं.

“मग बसलात काय?” म्हातारी म्हणाली. “जा की.”

नवऱ्यानं बसच्या किल्ल्या खिशातून काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. “चल,” तो बायकोला म्हणाला. “तू लिही. मी सांगतो काय लिहायचं.”

६

चौकीतल्या हवालदारानं अशी तक्रार आयुष्यात पाहिली नव्हती. आरोपी फिर्यादीला शब्द सुचवत होता.

“‘माझ्या परवानगीशिवाय’ लिही. ते महत्त्वाचं आहे.”

“माहीत आहे मला.”

“आणि ‘पती’ खोडू नको.”

“मी खोडत नाहीये, शाई फुटलीय!”

“बाई,” हवालदार म्हणाला, “हा तुम्हाला त्रास देतो का?”

“देतो,” धाकटी म्हणाली. “पण ती तक्रार वेगळी आहे.”

शिक्का बसला तेव्हा वॉर्ड ऑफिस बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता. थोरलीनं न्हाव्याला, केबलवाल्याला, इस्त्रीवालीला घरोघर पिटाळलं होतं. केबलवाला शिडी टाकून सगळ्यात पुढं पळाला. का पळाला, ते त्याला विचारायला कुणाला सवड नव्हती. ऑफिसच्या पायऱ्यांवर माणसं जमत होती. कुणी कामावरून तसंच, कुणी कडेवर पोर घेऊन. हरकती कशा गेल्या हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. आणि शेवटचं बटण कुणी दाबलं, हेही.

थोरलीनं पुढं पळत आणलेली तक्रारीची प्रत साहेबांनी उलटसुलट करून पाहिली. शेवटी पडदा बाजूला करून त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं.

“एवढे सगळे?” ते म्हणाले.

“एक नंबर,” थोरली म्हणाली. “घ्या लिहायला.”

पण पायऱ्यांवर वेगळंच चाललं होतं. धाकटी नवऱ्याबरोबर चौकीतून येताना दिसली आणि गर्दी ऑफिसकडं पाठ फिरवून त्याच्याकडं वळली. गवंड्यानं त्याची कॉलर धरली. मागून आवाज आले. घरभेदी. हाणा. गुरुजी हात वर करून काहीतरी म्हणत होते. काही जणांना ते ‘थांबा’ वाटलं, काही जणांना ‘बडवा’. नवरा हात खाली सोडून उभा राहिला. सोडवून घ्यायचा प्रयत्नसुद्धा त्यानं केला नाही.

थोरली केबिनमधून धावली, पण धाकटी आधी पोचली. गवंड्याच्या हाताचं एकेक बोट तिनं कॉलरवरून सोडवलं.

“तक्रार मी केलीय,” ती म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत पोचला. “नोकरी याची जाणार आहे. आणि मागच्या महिन्यात याची आई मोरीत पडली होती तेव्हा याचा फोन तुमच्यातल्याच कुणीतरी कापला. कुणी, ते मी विचारत नाहीये. कधीच विचारणार नाही. पण याला शिव्या द्यायच्या असतील तर त्या मी देईन, घरी नेऊन, दार लावून. तुमचा त्यात नंबर नाही. ऑफिस बंद होतंय. रांगेत उभे राहा.”

कुणी हललं नाही. मग न्हाव्याची बायको मागे नवऱ्याकडे न बघता पायऱ्या चढली आणि खिडकीपाशी गेली. तिच्या मागे गवंड्याची म्हातारी. तिच्या मागे आया. मग गवंडी, मान खाली घालून.

“नाव?” खिडकीतून साहेबांनी विचारलं.

न्हाव्याच्या बायकोनं आपलं नाव सांगितलं. सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.